नदीकाठच्या गावाचं सांडपाणी : एक सोपं गणित

सिव्हिलच्या मुलांमध्ये एन्व्हायर्नमेंटल हा 'स्कोअरिंग' विषय समजला जातो. चार व्याख्या पाठ करायच्या, ट्रीटमेंट प्लांटचा फ्लो-चार्ट काढायचा, बाणांना नावं द्यायची की झालं. स्ट्रक्चर्सच्या पेपरच्या आदल्या रात्री होस्टेलचे दिवे पहाटेपर्यंत चालू असतात, पण या पेपरच्या आदल्या रात्री लोक सिनेमा बघतात. दुसऱ्या ब्रँचचे मित्र तर याला सरळ 'गटार इंजिनिअरिंग' म्हणतात. म्हणू देत. या लेखात मी एका गावाचं गटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकड्यांत मांडणार आहे. बेरीज, गुणाकार आणि भागाकार यापलीकडचं गणित यात नाही, त्यामुळे मेकॅनिकल, कॉम्प्युटर आणि ऑफिसमधल्या मंडळींनीही पान उलटू नये.

गाव कोणतं घ्यावं? मी आळंदी घेतलं. कारणं तीन. एक, गाव लहान आहे; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती. दोन, गाव अगदी नदीला चिकटून आहे, आणि त्या नदीत लोक केवळ पाय बुडवत नाहीत, तर स्नान करतात आणि तीर्थ म्हणून पाणी तोंडात घेतात. तीन, ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते तेव्हा आणि कार्तिक वद्यात समाधी सोहळ्याच्या वेळी गावाच्या कितीतरी पट माणसं तिथे जमतात. डिझाइन करणाऱ्याची परीक्षा पाहायला याहून चांगलं गाव मिळणार नाही. आकारमान या गावाचं घेतलंय आणि आकडे आपल्या पाठ्यपुस्तकातले, म्हणजे केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ मॅन्युअलमधले आहेत. पुढची वाढ धरून लोकसंख्या ४०,००० घेऊ.

एक सूचना आधीच. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे 'इफ्लुएंट', 'स्लज' हे शब्द आधी आले आणि 'सांडपाणी', 'गाळ' मागून. जिथे मराठी शब्द सहज मिळाला तिथे तो घेतला. बीओडीला मात्र बीओडीच म्हटलंय, कारण 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' म्हणेपर्यंत लेक्चर संपतं.

किती पाणी, किती घाण?

भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरवावं असं मॅन्युअल सांगतं. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे माणशी १०८ लिटर. चाळीस हजार गुणिले १०८ म्हणजे रोज ४३.२ लाख लिटर, आपल्या भाषेत ४.३२ एमएलडी. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार केला की सेकंदाला बरोबर ५० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

पण सेकंदाला ५० ही सरासरी झाली. सकाळी सहा ते नऊ सगळं गाव एकदम उठतं. आपल्या होस्टेलमध्ये साडेसातला बाथरूमसमोर रांग असते आणि दुपारी तीनला एक नळही चालू नसतो, तसंच गावाचं. वीस ते पन्नास हजार लोकवस्तीला मॅन्युअल २.५ चा पीक फॅक्टर देतं. म्हणजे पाइप आणि पंप सेकंदाला १२५ लिटर झेलतील असे हवेत, आणि रात्री प्रवाह कमी असताना पाइपात गाळ बसू नये एवढा वेगही हवा. गाव जितकं लहान तितका हा फॅक्टर मोठा, कारण लहान गावात सगळ्यांचं वेळापत्रक सारखं. म्हणून मोठ्या शहराचा प्लांट लहान स्केलवर काढला की लहान गावाचा प्लांट होतो, हा समज चूक आहे.

आता घाण. एका माणसाकडून रोज सुमारे २७ ग्रॅम बीओडी सांडपाण्यात जातो. बीओडी म्हणजे घाण नव्हे. ती घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. २७ ग्रॅम भागिले १०८ लिटर म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम. आणि गावाचा एकूण भार ४०,००० गुणिले २७, म्हणजे रोज १,०८० किलो.

मोठे आकडे डोक्यात बसत नसतील तर असं धरा : चारशे मुलांचं एक होस्टेल, त्याचा रोजचा भार १०.८ किलो. गाव म्हणजे अशी शंभर होस्टेलं, ज्यांचे सगळे पाइप एका नदीकडे उतरतात. मेसमध्ये ताटात टाकलेली आमटी, भांड्यांचं तेल, बादलीभर साबणाचं पाणी हे सगळं त्या आकड्यातच येतं.

हा २५० चा आकडा लॅबमध्ये कसा मिळतो तेही सांगते, कारण जर्नलमध्ये आपण तो बहुधा मागच्या बॅचकडून घेतो. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर सांडपाणी घ्यायचं, बाकी प्राणवायूने भरलेलं स्वच्छ पाणी. सुरुवातीचा विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, समजा ७.८ आला. बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवली आणि नंतर डीओ २.८ उरला. घट ५. नमुना पन्नासाव्या भागाइतका होता, म्हणून ५ गुणिले ५० म्हणजे २५०. टायट्रेशनमध्ये स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो, त्या थेंबावर हे सगळं उभं आहे.

आठपट पाण्याची गोष्ट

शुद्ध केलेल्या पाण्याचा बीओडी किती असावा? याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर इंग्लंडमधलं आहे. तिथे १८९८ मध्ये सांडपाण्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात आकडा आला : बीओडी २०, तरंगणारे घन पदार्थ ३०. जगभरच्या पुस्तकांत हा '२०-३०' अजून छापला जातो. पण त्यामागची अट बहुतेक जण विसरतात. नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी असेल तरच हा आकडा लागू, असं कमिशनने म्हटलं होतं.

का आठपट? करून बघा. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरला. आठ भाग नदी आणि एक भाग प्लांटचं पाणी मिसळलं : आठ गुणिले २ म्हणजे १६, अधिक २०, म्हणजे ३६, भागिले ९. उत्तर ४. नदीचा बीओडी ४ च्या वर गेला की ती बिघडायला लागते असं कमिशनचं निरीक्षण होतं. म्हणजे २० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. इंग्लंडच्या बारमाही वाहत्या नद्यांकडे बघून तो मागे मागे येत काढलेला आहे.

आता आपल्याकडे या. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. तिथेच वळवणचं धरण आहे आणि त्यातलं पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून खोपोलीकडे कोकणात जातं. पावसाळ्यात नदी दोन्ही काठ भरून वाहते हे खरं, पण एप्रिल-मे मध्ये? समजा गावापाशी सेकंदाला १५० लिटर स्वच्छ पाणी आहे. आपलं सांडपाणी ५०. म्हणजे आठपट सोडा, जेमतेम तिप्पट. तीन प्रसंग पाहू.

१) काहीच शुद्ध न करता सोडलं (बीओडी २५०) : मिसळल्यावर नदीचा बीओडी ६४.

२) बीओडी २० पर्यंत शुद्ध करून सोडलं : ६.५.

३) बीओडी १० पर्यंत शुद्ध करून सोडलं : ४.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला फरक पाहिला की प्लांट का हवा हे कळतं. पण इथे काम संपत नाही. आपल्याकडे स्नानयोग्य पाण्याचा निकष बीओडी ३ किंवा कमी, डीओ ५ किंवा जास्त असा आहे. तिसऱ्या ओळीतलं ४ सुद्धा त्यात बसत नाही!

उलटं गणित मांडलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. नदी ३ वर ठेवायची असेल, तर १० बीओडीच्या पाण्याला सातपट स्वच्छ पाणी लागतं, २० ला सतरापट आणि ३० ला सत्तावीसपट. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महानगरं सोडून इतर गावांना ३० ची मर्यादा होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितलं. वरवर पाहता हा तांत्रिक वाद वाटतो. पण २७ पट आणि ७ पट हे शब्द समोर ठेवले की कळतं, हा वाद खरं तर नदीत पाणी किती उरलंय याबद्दलचा आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : प्लांटच्या गेटवर 'निकष पूर्ण' असा बोर्ड लागला, तरी घाटावर स्नान करणं योग्य झालं असं होत नाही. प्लांटचा निकष वेगळा आणि घाटाचा वेगळा; दोघांना जोडणारा पूल म्हणजे नदीचा प्रवाह.

९९ टक्के म्हणजे किती?

बीओडी हा नदीच्या तब्येतीचा आकडा आहे, माणसाच्या नव्हे. माणसाला आजारी पाडतात ते जंतू, आणि त्यांची मोजणी वेगळी असते. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या कपात, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू एक कोटीपर्यंत असू शकतात. चांगला चालणारा जैविक प्लांट त्यातले ९० ते ९९ टक्के कमी करतो. आपल्याला ९९ टक्के मिळाले तर पेढे वाटू. पण एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात! स्नानासाठी हवेत ५००, फार तर २,५००.

पाणी काचेसारखं दिसेल, वास येणार नाही, आणि तरी ते तोंडात घेण्यासारखं नसेल. म्हणून शेवटची पायरी निर्जंतुकीकरणाची. क्लोरीन वापरला आणि लिटरला ५ मिलिग्रॅम मात्रा धरली, तर रोज साडेएकवीस किलो क्लोरीन आणि पाण्याला त्याच्यासोबत अर्धा तास काढायला एक टाकी. पण जैविक प्रक्रिया नीट नसेल तर गढूळ पाण्यातले पदार्थच क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंच्या वाट्याला काही येत नाही.

मधली यंत्रणा

फ्लो-चार्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भरभर जाते. आधी जाळी : चिंध्या, प्लास्टिक, निर्माल्य अडवायला. तीर्थक्षेत्रात ही जाळी दिवसातून किती वेळा साफ करावी लागेल याचा अंदाज आपला आपण करा. मग वाळू बसायची कुंडी. इथे प्रवाहाचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे वाळू खाली बसते आणि हलकी सेंद्रिय घाण पुढे जाते. त्यानंतर मुख्य काम, जे माणूस नव्हे, जिवाणू करतात.

या मुख्य कामाची लोकप्रिय पद्धत म्हणजे ॲक्टिव्हेटेड स्लज. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मँचेस्टरला सांडपाण्यात हवा सोडली. पाणी निवळल्यावर तळाचा गाळ टाकून न देता तोच पुढच्या पाण्यात वापरला, आणि आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. त्यांना या कामाची दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. कल्पना किती साधी बघा : दह्याला विरजण लागतं, तसं सांडपाण्याला कालचा गाळ. घराघरात आयांना हे माहीत होतंच, फक्त दुधाबद्दल.

पण विरजणाला वीज लागत नाही. या गाळाला लागते. हिशेब करू. रोज सुमारे १,०५० किलो बीओडी काढायचा. दर किलोला १.२ किलो प्राणवायू धरला तर १,२६० किलो. एक युनिट विजेत साधारण १.२ किलो प्राणवायू पाण्यात विरघळतो असं धरलं तर रोज १,०५० युनिट. सांडपाणी १५ मीटर वर चढवायला पंपांना आणखी सुमारे ३०० युनिट. आठ रुपये युनिट धरा. वर्षाला एकोणचाळीस-चाळीस लाख रुपये नुसतं वीजबिल.

प्लांट बांधायला राज्य आणि केंद्राकडून अनुदान मिळू शकतं. फीत कापायला पाहुणेही मिळतात. पण हे चाळीस लाख दरवर्षी नगरपरिषदेला तिच्या तिजोरीतून काढायचे असतात, आणि तिथे रस्ता, दिवे, पगार हे आधी रांगेत उभे असतात. ब्लोअर बंद ठेवला तर बाहेरून कुणालाच कळत नाही. टाकी तशीच दिसते. आतले जिवाणू मात्र काही तासांत गुदमरायला लागतात, आणि मेलेला गाळ पुन्हा उभा करायला आठवडे लागतात. वीज नसलेला एसटीपी म्हणजे महागडी सिमेंटची टाकी.

वीज नको असेल तर पर्याय आहे : तलाव. उथळ तलावात शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं आणि जिवाणू तो वापरतात. आपल्या अक्षांशावर हेक्टरला रोज २५० किलोच्या आसपास बीओडी चालतो. १,०८० भागिले २५० म्हणजे सव्वाचार हेक्टर, दहा एकरांहून जास्त. वर जंतू मारायला आणखी तलाव. कर्दळ आणि पाणकणीस लावलेली बांधीव पाणथळ जागा हाही पर्याय आहे. तिला माणशी एक ते दोन चौरस मीटर लागतात, म्हणजे चार ते आठ हेक्टर. विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या नदीकाठच्या गावाला मी डोळे मिटून हेच सुचवीन. पुण्याला खेटून असलेल्या गावात दहा एकर कुठून आणणार? तिथे जागा महाग, म्हणून वीज घ्यावी लागते. प्लांटची निवड म्हणजे शेवटी जागा आणि वीज यांच्यातला सौदा असतो.

एक दिवस अडीच लाखांचा

आता यात्रेचा दिवस. समजा दोन लाख माणसं आली. ती पूर्ण दिवस थांबत नाहीत, म्हणून भार निम्माच धरू : माणशी साडेतेरा ग्रॅम. तरी २,७०० किलो होतात. रोजच्या १,०८० मध्ये एकदम अडीचपट भर. जिवाणूंना आदल्या रात्री सर्क्युलर पाठवून 'उद्या संख्या वाढवा' असं सांगता येत नाही. आणि वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी साडेतीनपट प्लांट बांधणं परवडत नाही.

मग? भार वेळेत पसरवायचा. वारीच्या मार्गावर 'निर्मल वारी' उपक्रमात फिरती शौचालयं उभी केली जातात. त्यांतला मैला टँकरने प्लांटवर आणून वेगळ्या बंद टाकीत साठवायचा आणि पुढचे दोन-तीन आठवडे, रात्री प्रवाह कमी असताना, थोडा थोडा मुख्य टाकीत सोडायचा. मेसमध्ये फीस्टच्या दिवशी आचारी नवा मेस बांधत नाही. भाज्या आदल्या दिवशी चिरून ठेवतो. हेही तसंच. फिरती शौचालयं उभी करणं हे अर्धं काम झालं. ती टाकी रिकामी कुठे होते, हा उरलेला अर्धा प्रश्न.

गाळाचं काय?

फ्लो-चार्टमध्ये गाळाचा बाण कागदाच्या कडेला जाऊन संपतो. प्रत्यक्षात तिथून कटकट सुरू होते. आपल्या प्लांटमधून रोज साधारण ५५० किलो कोरडा गाळ निघेल. पण तो कोरडा नसतो. त्यात एक टक्का घन आणि बाकी पाणी. म्हणजे रोज ५५,००० लिटर पातळ गाळ. पाणी काढून २० टक्क्यांवर आणला की पावणेतीन टन. उन्हाळ्यात वाळूच्या वाफ्यांवर तो छान वाळतो. मावळच्या जवळच्या पावसात चार महिने तो वाळणार कसा? वाफ्यांवर छप्पर हवं किंवा दाबयंत्र हवं. नसलं, तर पहिल्याच जुलैमध्ये ऑपरेटर रात्री वॉल्व्ह उघडतो. गाळ नदीत, आणि वर्षभर गोळा केलेली घाण एका रात्रीत परत.

ऑपरेटरवर निघालंच आहे तर सांगते. पंपाच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'वास नाही म्हणजे धोका नाही' असं समजून आत उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही येत नाही. माणसाला गटारात उतरवून साफसफाई करून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पण मला वाटतं त्याची सुरुवात ड्रॉइंगवर होते. जाळी वरून ओढता येईल, पंप साखळीने वर घेता येईल असं डिझाइन आपण केलं, तर कुणाला खाली उतरावंच लागणार नाही. ती रेघ आपल्या हातात आहे.

फेस आणि वरचं पाणी

२०२२ नंतरच्या वर्षांत इंद्रायणीवर पांढरा फेस आल्याचे आळंदीचे फोटो वर्तमानपत्रांत पुन्हापुन्हा छापून आले. बर्फासारखा दिसणारा तो फेस म्हणजे साबण आणि डिटर्जंटसारख्या रसायनांचं पाणी. ते बंधाऱ्यावरून पडताना त्यात हवा मिसळते आणि प्रवाह कमी असल्याने फेस साचून राहतो. दुसऱ्या ऋतूत तिथेच जलपर्णी पसरते. ती नायट्रोजन आणि फॉस्फरसवर पोसते.

आणि इथे माझ्या सगळ्या गणितातलं एक गृहीत डळमळतं. मी वरून येणाऱ्या नदीचा बीओडी २ धरला होता. आळंदीच्या वरच्या अंगाला लोणावळा, मावळातली गावं, पिंपरी-चिंचवडचा उत्तर भाग, कारखाने असं सगळं आहे. समजा वरून येणारं पाणीच १० बीओडीचं असेल, तर आपण कितीही चांगला प्लांट चालवून १० चं पाणी सोडलं, तरी घाटावर १० च राहणार. छोट्या गावाने प्रामाणिकपणे चाळीस लाखांचं वीजबिल भरावं आणि फेस तसाच राहावा, हे होऊ शकतं. म्हणून गावापुरता प्लांट हा नदीचा उपाय नाही; नदीचा हिशेब उगमापासून संगमापर्यंत एकच मांडायला हवा.

उलट बाजूही आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवरून दाखवलं, की घाण पडते तिथे प्राणवायू सगळ्यात कमी नसतो. जिवाणूंना काम करायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. सेकंदाला २० सेंटिमीटर एवढा मंद वेग धरला तरी पाणी दिवसाला १७ किलोमीटर जातं. म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था आपल्या घाटावर नाही, खालच्या गावाच्या घाटावर येते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि तिथून पंढरपूरला. आळंदीची पालखी ज्या गावी पोचते, तिथेच हे पाणीही पोचतं.

मग मी काय सुचवीन?

अशा गावासाठी माझी यादी अशी :

१) आधी घरांची जोडणी. घरं गटाराला जोडलेली नसतील तर प्लांट उपाशी आणि नाला भरलेला.

२) जागा कमी म्हणून एसबीआर पद्धत : एकाच टाकीत भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं. शेजारी यात्रेच्या मैल्यासाठी वेगळी टाकी.

३) निर्जंतुकीकरण आणि छप्पर असलेले गाळाचे वाफे पहिल्याच टेंडरमध्ये, 'दुसऱ्या टप्प्यात' नव्हे.

४) वीज आणि ऑपरेटरचा दहा वर्षांचा खर्च बांधकामाच्या मंजुरीतच बाजूला काढलेला.

५) डिसेंबर ते मे शुद्ध केलेलं पाणी नदीत न सोडता शेतीला. पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं तर ४३.२ लाख लिटरमध्ये ८६ हेक्टर, म्हणजे दोनशेहून जास्त एकर भिजतात. पालेभाज्यांना ते देऊ नये, पण ऊस, चारा, फुलशेती यांना चालेल. यामुळे नदीतलं पाणी थोडं कमी होईल हे मान्य. पण ज्या महिन्यांत नदीत सातपट पाणी नसतं, त्या महिन्यांत तिला आपलं पाणी नकोच असतं.

यातला एकही मुद्दा रॉकेट सायन्स नाही. आपल्यापैकी बरेच जण आयटीत जातील, काही गेट देतील, काही घरच्या कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये. पण एखाद्या नगरपरिषदेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून कुणीतरी जाईलच, आणि त्याच्या टेबलावर कन्सल्टंटची जाड फाइल येईल. तेव्हा त्याने फक्त तीन प्रश्न विचारावेत : मे महिन्यात नदीत किती पाणी आहे? वीजबिल कोण भरणार? जुलैमध्ये गाळ कुठे वाळणार? तिन्हींची उत्तरं फाइलमध्ये असतील तर सही करावी. नसतील तर फाइल परत पाठवावी, मग कुणीही 'गटार इंजिनिअर' म्हणून हसलं तरी चालेल.